मॅक घ्यावा की विंडोज

सकाळपासून दीपाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी करपली, दूध उतू गेलं, आणि सासूबाईंनी दोनदा काही विचारलं त्याला तिने धड उत्तर दिलं नाही. सत्त्याण्णव साल होतं. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या त्यांच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जाऊन कॉम्प्युटर येणार होता, आणि कोणता घ्यायचा ते सासऱ्यांनी तिच्यावर सोपवलं होतं.

सोपवतील नाहीतर काय करतील? लग्नाआधी तिने पुण्याच्या एका प्रेसमध्ये तीन वर्षं मॅकवर पत्रिका आणि हँडबिलं जुळवली होती. घरात बाकी कुणाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच प्रेसचा मालक आता आपला जुना मॅक विकायला बसला होता आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते फोनवर कळवा म्हणत होता.

दीर प्रशांतचं मन मात्र विंडोजवर. नगरला क्लास करून आला होता, आणि तिथे शिकवलं तेवढं विंडोजच. म्हणजे हिशेब सरळ होता. मॅक आला तर खुर्ची दीपाची, कारण दुसऱ्या कुणाला तो चालवताच येणार नाही. विंडोज आला तर खुर्ची प्रशांतची, आणि दीपाने जन्मभर भाकऱ्या थापायच्या. याचीच तिला धास्ती होती.

आणि पंचाईत अशी की मॅकचे दुर्गुणही तिलाच ठाऊक होते. मॅकवर तिचा जीव होता, त्यावरचं मराठी अक्षर बघूनच तिला बरं वाटायचं. पण बिघडला तर पुण्याहून माणूस आणायचा. रंगीत छपाईला धाडायची त्यातली फ्लॉपी नगरच्या ऑफसेटवाल्याकडे उघडणार नाही, कारण तिथे सगळीकडे विंडोज. ती आतबाहेर करत राहिली.

दुपारी नगरचे डीलर जीपमधून विंडोजचं मशीन घेऊन आले. भिंतीला लागून टेबल होतं, त्यावर ते मांडलं. प्रशांत ऐटीत बसला आणि नमुना म्हणून एक लग्नपत्रिका जुळवू लागला. मामा-मावश्यांपर्यंत पोचला आणि पडदा गोठला. माऊस ढिम्म हलेना. पत्रिका गेली ती गेलीच, कारण पठ्ठ्याने एकदाही सेव्ह केली नव्हती.

"होतं असं कधीमधी," डीलर म्हणाले.

"आन् लग्नसराईत झालं मंजी?" सासरे रंगनाथ सुनेकडे वळले. "दीपा, तुझ्या मॅकचं बी असं हुतं का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. खरं-खोटं करणारं बेलापुरात कुणी नव्हतं. शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"होतं, मामा. बॉम्बचं चित्र येतं आणि सगळं बंद पडतं. वर पुण्याचा माणूस येईपर्यंत हात बांधून बसायचं. विंडोजच घ्या. अडलं तर नगरहून कुणीही येईल, फ्लॉपी कुठेही चालेल."

"बरं झालं सांगितलंस. मंग ठरलं. प्रशांत, उद्यापासनं तू बस."

"मी बसते," दीपा म्हणाली. आवाज चढला होता. "आठ दिवसांत माझा हात बसेल. भाऊजींना बटणं येतात, पत्रिका जुळवता येत नाही."

"तुझ्या कामाला नावं न्हाई ठेवत गं." रंगनाथ अवघडले. "पत्रिकेला आख्खी भावकी येती. ह्याचं नाव वर घ्या, त्याचं खाली घ्या. धा-धा बाप्ये सुनेच्या मागं उभं ऱ्हाऊन वाकून बघनार. मला न्हाई बघवायचं."

दीपाला हसावं की रडावं कळेना. अडचण मॅक-विंडोजची नव्हतीच, आणि सकाळपासून तिचा जीव त्यावर टांगणीला लागला होता.

"मग टेबल फिरवा. माझ्या मागे भिंत, भावकी समोर."

"मंग त्यास्नी दिसंल कसं?"

"नाहीच दिसणार. छापून हातात देईन. भांडायचं ते कागदावर भांडतील."

डीलर उगाच वायरी तपासू लागले. प्रशांत खुर्चीला चिकटून होता. रंगनाथांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग टोपी सारखी करून टेबलाचं एक टोक धरलं.

"ऊठ, प्रशांत," ते म्हणाले. "तिकडनं धर."