कोळसा संपलाय

"शर्ट काढा आणि पडद्यामागं बसा," असं आमचे हे एखाद्या अनोळखी माणसाला सांगायचे, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आमचं इस्त्रीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक कोळशाची इस्त्री आणि मागे पडदा. पडद्यामागे संसार. त्या वर्षी कारखाना बंद पडला आणि नोकरी शोधत फिरणारे आमच्याच दारावरून जायला लागले. हे त्यांना हाका मारून बोलवायचे आणि अंगावरच्या शर्टाला कडक इस्त्री करून द्यायचे. तीही फुकट! मी म्हणायचे, घरात खायचे वांधे आणि तुम्ही जगाचे लाड करा. हे नुसते हसायचे.

एकदा हे कपडे पोचवायला गेले असताना एक माणूस दारात येऊन ओशाळा उभा राहिला. कोळशाच्या वखारीत कारकुनाची जागा होती, तासाभरात बोलावलं होतं. इथे शर्टाला इस्त्री करून देतात असं ऐकलं, म्हणाला. पडद्यामागे अर्धं पोतं कोळसा होता. पण सकाळी माझी पोरगी उपाशी शाळेत गेली होती. सगळ्या जगाचा राग मी त्या बिचाऱ्यावर काढला.

"कोळसा संपलाय."

"असू दे, वहिनी," तो म्हणाला. नळाखाली हात ओले करून त्याने छातीवरच्या चुण्या दाबून बसवल्या आणि गेला. मी ह्यांना काही सांगितलं नाही.

महिन्याभराने तो पुन्हा आला. अंगात तोच शर्ट, खांद्याला काळाकुट्ट झालेला. कारकुनाची जागा दुसऱ्याला गेली, पण तिथेच हमालीला लागलो, असं त्याने ह्यांना सांगितलं. पाठीवरचं पोतं त्याने टेबलाशी उतरवलं.

"वहिनींचा त्या दिवशी कोळसा संपला होता. तेव्हापासून डोक्यात होतं. वखारीत सांडलेला झाडून न्यायला मालक नाही म्हणत नाहीत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात आमचा कोळसा एक दिवसही संपला नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता बोलतील, मला वाटलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

"हो, संपला होता खरा," हे त्याला म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच खोटं, आणि तेही माझ्यासाठी. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. निदान आता तरी खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्या माणसाला पाणी हवं का, एवढंच विचारलं.