जेवणानंतरचे तीन तास

या, जरा जवळ सरकून बसा. उन्हाकडे पाठ करा, पाय पसरा. संतांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात, आज एका स्वयंपाकीणबाईची ऐका. आमच्या बुरुजाखालच्या किनाऱ्यावर घडलेली, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारची. चमत्कार म्हणायचा की पाप, ते ऐकून झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा.

दोनाता नातवाच्या तोंडाला लागलेला टोमॅटोचा रस्सा पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"वाजले किती?"

"पावणेअकरा," शेजारच्या छत्रीखालून तेक्ला म्हणाली. तेक्ला म्हणजे मासळीवाल्याची विधवा. किनाऱ्यावर कोणाच्या डब्यात काय आहे, ते झाकण उघडायच्या आधी तिला कळायचं. "का गं?"

"याने खाल्लं."

"ते दिसतंय सगळ्या किनाऱ्याला. काय खाल्लं?"

"भाजलेला पास्ता."

"नुसता?"

"खिम्याचे गोळे होते आत. तीन-चार."

"आणि चीज?"

"चीज नाही तर भाजणार काय, कपाळ?"

तेक्लाने बोटं मुडपली. "मग पावणेदोन. त्याच्या आत पाण्यात नाही हो न्यायचं. पोट गारठलं की पोर दगडासारखं खाली जातं."

खाली म्हणजे कुठे, हे विचारायचं नाही. आमचा समुद्र आत पन्नास पावलं गेलात तरी गुडघ्याएवढाच. त्या दिवशी तर लाट नावाला नव्हती, ताटात ओतलेल्या तेलासारखं पाणी पसरलं होतं. पण खाल्ल्यावर तीन तास म्हणजे तीन तास. आमच्याकडे मुलाला बाप्तिस्मा आणि हा नियम बरोबरच मिळतो.

दोनाता वाळूत बसली. तिच्या अंगावर काळा पोशाख होता, पूर्ण बाह्यांचा. फेब्रुवारीत तिची एकुलती एक मुलगी गेली, पाल्मीरा. छत्तीस वर्षांची. आजार कळला नाताळात, आणि द्राक्षांच्या वेली अजून उघड्याच होत्या तेव्हा तिला पुरलीसुद्धा. जाण्याआधी चार दिवस इस्पितळात तिने आईचं मनगट धरलं होतं. म्हणाली, "आई, एलियाच्या मनात पाण्याची भीती राहू देऊ नकोस. गेल्या वर्षी तो माझ्या कडेवरून उतरलाच नाही. या उन्हाळ्यात त्याचे पाय वाळूला टेकव." दोनाताने हो म्हटलं होतं.

आणि उन्हाळाभर ती आली नव्हती. सुतकातली आई समुद्रावर छत्री रोवून बसली तर गाव काय म्हणेल, या भीतीने जून गेला, जुलै गेला. मग जावई इप्पात्सिओने एक दिवस सांगून टाकलं, की जर्मनीत भावाच्या खानावळीत काम मिळालंय, मुलांना घेऊन जातोय, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. जिथे जाणार तिथून समुद्र एक दिवसाच्या रस्त्यावर. तेव्हा कुठे दोनाता हात जोडून म्हणाली, की त्या दिवशी सकाळी तरी मुलं मला दे.

नऊ वाजता त्याने तिघांना किनाऱ्यावर सोडलं. "आजी, दोनला निघायचं म्हणजे निघायचं हं," तो म्हणाला. मुलं तिला आजी म्हणतात म्हणून तोही आजीच म्हणायचा. "घरी बांधाबांध राहिलीये."

नऊपासून पावणेअकरापर्यंत तिने एलियाची किती मनधरणी केली. शिंपले दाखवले, मासे दाखवले. साडेतीन वर्षांचं पोर, पण मान हलवायचं ती बापासारखी.

"चल ना राजा, आजीबरोबर."

"तुझ्याबरोबर नाही."

"मग कोणाबरोबर?"

तो वाळूत बोट घालून खड्डा करत बसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "भूक लागली."

आता सांगा, दोनाताने काय करावं? चौतीस वर्षं ती गावच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात होती. कोणाला वाटाणे चालत नाहीत, कोण घरून उपाशी येतं, सगळं तिला पाठ. भुकेलं मूल समोर आलं की तिचा हात डोक्याला न विचारता डावाकडे जायचा. त्यातून सहा महिने ही मुलं बापाने गरम केलेलं बंद डब्यातलं खात होती. तिने टॉवेलात गुंडाळलेलं भांडं सोडलं. दोघांनी चाटूनपुसून खाल्लं, आणि त्या सुखात ती घड्याळ विसरली.

"आजी, आता आपण काय करायचं?" ग्राझियाने विचारलं. ती आठ वर्षांची, एलियाची थोरली बहीण. सगळं तिला कळत होतं, आणि कळतंय हे ती दिसू देत नव्हती.

"बसायचं."

"पावणेदोनपर्यंत?"

"हो."

"बाबा दोनला येणार."

"माहितीये गं बाळा."

पलीकडे मिलानहून आलेली एक तरुण बाई पोराला सँडविच भरवून तशीच पाण्यात घेऊन गेली. तेक्लाने क्रूसाची खूण केली. "बघ, बघ. यांना देवाचं भय नाही आणि पोटाचंही."

"त्याला काही होत नाहीये," ग्राझिया म्हणाली.

"आत्ता नाही होत. संध्याकाळी बघ तू."

दोनाता त्या पोराकडे बघत राहिली. ते पाण्यावर हात आपटत होतं, हसत होतं. एकदा तिच्या मनात आलं, उठावं, उचलावं याला, काय व्हायचं ते होऊ दे. पण एक लेकरू मातीत ठेवून सहा महिने झाले होते. दुसऱ्याच्या बाबतीत नियम मोडायची छाती तिला झाली नाही. ती जपमाळ काढून बसली. मणी सरकत होते, सावली छत्रीखालून बाहेर चालली होती, आणि समोर तो हवा तेवढा समुद्र, सकाळभर यांच्यासाठी बंद.

सव्वाला एलिया पेंगायला लागला. तिने त्याला गोष्ट सांगितली, बोटं मोजायला लावली, गालावर ओला हात लावला. दीडला तो तिच्या मांडीवर झोपला.

"आजी, पावणेदोन वाजले," ग्राझिया म्हणाली.

"झोपलाय गं."

"उठव ना."

दोनाताने त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडं, कपाळाला घाम, मूठ तिच्या काळ्या कापडात अडकलेली. उठवला तर रडणार. रडला तर "तुझ्याबरोबर नाही" म्हणणार. आणि मग दोन वाजणार.

तिने चपला काढल्या. त्याला तसाच खांद्यावर घेतला आणि उठली.

"अगं, झोपलेलं पोर पाण्यात नेत नाहीत," तेक्ला म्हणाली.

"असा नियम आहे?"

"नसेल. पण कोणी नेत नाही."

"मग मी नेते."

"आणि हे कपडे?"

दोनाता थांबली नाही. अडुसष्ट वर्षं या किनाऱ्यावर जन्म काढला, पण घोट्याच्या वर तिला समुद्र ठाऊक नव्हता. पाण्यात जायची ती पाल्मीरा, हिने छत्रीखाली डबे राखायचे. आज काळा पोशाख आधी घोट्याशी भिजला, मग पोटरीशी जड झाला, मग गुडघ्याला चिकटला. गावच्या निम्म्या बायका बघत होत्या.  ग्राझिया मागून पाण्यात पाय न वाजवता येत होती.

गुडघाभर पाण्यात ती वाकली आणि त्याला हळूहळू खाली घेतलं. आधी टाचा भिजल्या. तो शहारला, तिच्या गळ्यात हात टाकले, डोळे मिटलेलेच.

"आई," तो म्हणाला.

दोनाताच्या ओठांवर मरियामातेचं नाव होतं, ते तिथेच राहिलं.

"आई, तूच आहेस ना?"

पाल्मीरा दुसऱ्या खोलीतून जशी ओ द्यायची, निम्मं लक्ष कामात असलेली, तशी दोनाता म्हणाली, "हं."

"खाली सोडू नको."

"नाही सोडत. पाय टेकव बघू."

त्याने एक पाय लांब केला, मग दुसरा. "टेकले," तो झोपेतच हसला. मग डोळे उघडून त्याने आधी खाली पाहिलं, पाण्यातल्या स्वतःच्या पायांकडे. कितीतरी वेळ तो पायांकडेच बघत होता. वर मान करून कोणाचा हात धरलाय ते त्याने पाहिलं नाही, आणि तिनेही आवाज काढला नाही.

ग्राझियाने सगळं ऐकलं होतं. तिने बुरुजाकडे तोंड फिरवलं, आणि पाण्याखालून आजीचा दुसरा हात धरला.

किनाऱ्यावर इप्पात्सिओ किल्ली घेऊन उभा होता. हाक मारायला त्याने हात वर केला आणि तसाच खाली घेतला. सव्वादोनला त्याने त्यांना बोलावलं. अडीचला गाडी गेली.

पुढच्या शनिवारी दोनाता चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेली. हे तिनेच तेक्लाला सांगितलं, आणि तेक्लाला सांगणं म्हणजे घंटा वाजवणं.

"खोटं बोलले, फादर."

"कोणाशी?"

"नातवाशी. त्याने आईला हाक मारली, मी ओ दिली."

जाळीपलीकडचा फादर तरुण, मनाने चांगला. हळूच म्हणाला, "पश्चात्ताप होतोय ना?"

दोनाताने खरंच विचार केला. मग म्हणाली, "नाही, फादर."

"दोनाताबाई, पश्चात्ताप नसेल तर मी माफी कशी देऊ?"

"नका देऊ," ती म्हणाली. उठली, गुडघे झाडले आणि घरी गेली. तेव्हापासून ती प्रार्थनेला येते ती शेवटच्या बाकावर बसते, माफी नाही त्याला प्रसाद नाही, म्हणून त्या रांगेत उभी राहत नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. तुमचा देव कोणताही असो, त्याच्यापुढे हात जोडाल तेव्हा पाल्मीराचं नाव तर घ्याच. पण त्याआधी त्या शेवटच्या बाकावरच्या बाईची आठवण करा. दोनाता तिचं नाव. स्वतःसाठी मागायला ती पुढे येणार नाही.