कोणत्याही स्मृतीत नसलेला श्लोक

हरेश्वर गद्रे यांनी कल्याणच्या एका शाळेत अडतीस वर्षे संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतरही संध्याकाळचा विनामूल्य वर्ग सोडला नाही. ‘शास्त्रात आहे’ असे ते म्हणाले की ऐकणारा पुढे काही विचारीत नसे. या मानाची त्यांना इतकी सवय झाली होती की तो मान आहे हेही ते विसरून गेले होते.

महिन्यापूर्वी त्यांचा जुना विद्यार्थी प्रीतम त्यांना ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आपल्या कचेरीत घेऊन गेला. पूर्वी तिथे यंत्रांचे सुटे भाग बनत. आता दहा-बारा तरुण मंडळी संगणकावरचे खेळ बनवीत होती. नव्या खेळात मेघावती नावाचे एक काल्पनिक राज्य होते. तिथल्या सरदारांची रीत अशी की, एकाने दुसऱ्यावर आळ घेतला आणि साक्षीदार नसला, तर दोघांनी राजासमोर तलवार घेऊन उतरायचे. जो अखेर उभा राहील, तो खरा.

खेळाची कथा क्षिप्रा लिहीत होती. तीही गद्रे गुरुजींच्याच संध्याकाळच्या वर्गातली. तिच्या घरात संस्कृतचे अक्षर शिकलेली ती पहिलीच.

“सरदार म्हातारा असला तरी त्याने स्वतःच लढलं पाहिजे,” ती म्हणाली. “आळ त्याच्यावर आणि मार दुसऱ्याने खायचा, हे मला पटत नाही.”

“अगं, पण खेळताना म्हातारा सरदार व्हायला कोणाला आवडेल?” प्रीतम म्हणाला. “लोकांना भाडोत्री योद्धा व्हायचं असतं. सर, तुम्हीच सांगा. आपल्या जुन्या ग्रंथांत असं काही आहे का?”

“असणारच,” गुरुजी म्हणाले. “द्वंद्व हेही एक दिव्यच, खरंखोटं ठरवायची कसोटी.”

“सर, दिव्यं म्हणजे तराजूची तुला, अग्नी, जल, विष अशी,” क्षिप्रा हळूच म्हणाली. “द्वंद्व त्यांत मला तरी कुठे आढळलं नाही.”

ती बरोबर होती. ही यादी त्यांनीच तिला शिकवली होती. “बरोबर, मी चुकलो,” एवढे म्हणण्यापुरताच प्रसंग होता. पण टेबलाच्या टोकाचा सुमित हसून म्हणाला, “सर, तुमचीच स्टुडंट तुम्हाला भारी पडली की.” सगळे हसले. त्या हसण्यात विषारी काही नव्हते, तरी ते गुरुजींना लागले.

त्यांनी डोळे मिटले आणि धीरगंभीर स्वरात म्हटले, “द्वन्द्वे प्रतिनिधिर्योज्यः स्वामिना सत्यवादिना.” द्वंद्वात सत्यवादी स्वामीने आपला प्रतिनिधी नेमावा. ओळ त्यांनी तिथल्या तिथे रचली होती. शेवटी पाच अक्षरे कमी पडत होती, म्हणून ‘सत्यवादिना’ घातले. “एका अप्रकाशित स्मृतीच्या पोथीत आहे,” ते म्हणाले.

“चुकलं माझं, सर,” म्हणून क्षिप्राने मान खाली घातली. सरदार स्वतः लढतो ते तिचे प्रकरण त्याच दुपारी खेळातून काढले गेले आणि कथेचे काम सुमितकडे गेले. गुरुजी त्या रात्री समाधानाने झोपले. पुढे ज्या गोष्टीची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली, ती हीच.

आज सकाळी क्षिप्राचा निरोप आला. चष्मा सापडेना, म्हणून त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी तो वाचून दाखवला. “सर, तीन शनिवार मुंबईच्या आणि पुण्याच्या ग्रंथालयांत शोधलं, श्लोक सापडला नाही. माझंच वाचन कमी पडतंय. परवा खेळ बाहेर जातोय, सुरुवातीलाच तो श्लोक येणार आहे. पोथीचं नाव कळवाल का? आणि त्या दिवशी सर्वांदेखत तुम्हाला अडवलं, त्याबद्दल क्षमा करा.”

“गुणी पोर आहे हो,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “सांगून टाका की पोथीचं नाव.”

गुरुजींनी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, ते एसटीने ठाण्यात खोपटच्या स्थानकावर उतरले आणि तिथून रिक्षाने वागळे इस्टेटला गेले. वाटेत दोन वेळा त्यांच्या मनात आले, की पोथी वाळवीने खाल्ली असे सांगितले तर कोण तपासणार? दुसऱ्या वेळी त्यांना स्वतःचीच किळस आली.

प्रीतमने त्यांना आपल्या काचेच्या खोलीत बसवले. श्लोक त्यांनीच रचला हे ऐकून तो हसला.

“एवढंच ना, सर? गेम आहे हो, कोण बघतंय. आणि क्षिप्राचं म्हणाल तर मी बोलतो तिच्याशी. तुम्ही कशाला कमीपणा घ्यायचा? चहा घ्या तोवर.”

“बरं,” असे गुरुजींच्या तोंडून निघून गेले.

प्रीतम बाहेर गेला. काचेतून ती दोघे दिसत होती. क्षिप्रा उभी राहून ऐकत होती. तिने एकदाच खोलीकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर सोसला असता. ती अजून विश्वासच ठेवायला तयार नव्हती. प्रीतमला ती मान हलवून ‘नाही’ म्हणत होती. माझे सर असे करणार नाहीत, हेच ती सांगत असावी.

गुरुजी उठले. दार त्यांना चटकन उघडता आले नाही.

“तो सांगतो आहे ते खरं आहे,” ते तिच्यासमोर उभे राहून म्हणाले. “श्लोक मी रचला. तू बरोबर होतीस आणि मला ते माहीत होतं.”

“मला एकदाही वाटलं नाही की तो नसेल,” क्षिप्रा म्हणाली. “मी तीन आठवडे स्वतःलाच अडाणी म्हणत होते, सर.”

त्यांना ‘क्षमा कर’ म्हणायचे होते. तो शब्द तिने सकाळीच वापरून टाकला होता, आणि तोही कारण नसताना.

“सगळे त्या दिवशी होते,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर सांगाल?”

“जाऊ दे ना गं, वयाने मोठे आहेत ते,” प्रीतम म्हणाला.

“सांगतो,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी सांगितले. आवाज वर्गात घुमायचा तसा घुमला नाही. या वेळी कोणी हसले नाही. सुमितने नजर चोरली. क्षिप्राने खुर्ची ओढून खेळाच्या सुरुवातीचा तो श्लोक पडद्यावरून पुसला आणि आपले जुने प्रकरण उघडले. त्यात एक वृद्ध सरदार तलवार पेलत नसतानाही रिंगणात उतरत होता. ती लगेच कामाला लागली.

गुरुजींना कोणी बसा म्हटले नाही, आणि निघा असेही म्हटले नाही. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.