अप्पांनी पाहिलेली लढाई

आमचे अप्पा जन्मापासून ऐकत-बोलत नाहीत. त्यामुळं जुने मुके सिनेमे शोधून टीव्हीवर लावायचं काम माझं. तेवढे तरी त्यांना आमच्याइतकेच कळतात.

दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ शिवपुत्र सीमेवर मारला गेला. पेटी बंद आली, उघडायची नाही असं बजावलेलं. जळकोटच्या आमच्या मळ्यात ती तशीच आडवी पुरली. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून, कपाळाला विभूती लावून माती देतात. अप्पांनी आयुष्यभर तेच पाहिलेलं. पेटी खड्ड्याशी आणली तेव्हा त्यांनी मांडी घालून दाखवली, मान हलवली आणि सरळ घरी निघून गेले. आपला माणूस असा आडवा जात नाही, म्हणजे हा आपला नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी मला सलाम ठोकून दाखवायचे आणि हायवेकडं बोट करायचे. कधी येतोय?

पाहुणे म्हणायचे, त्यांना काय कळतंय. मला संताप यायचा. पण आई, आमची अव्वाही म्हणायची, "त्यास्नी न्हाय कळत तेच बरं हाय. एकाच्या तरी जिवाला घोर न्हाय."

परवा घोडे दिसले म्हणून एक जर्मन सिनेमा लावला. कुठल्या तरी जुन्या लढाईचा. मधेमधे येणारी अक्षरं मलाही वाचता येत नव्हती. तोफा उडत होत्या, आवाज नव्हता. शेवटी मैदानात लांबलचक चर खणला होता आणि शिपाई आपल्याच सोबत्यांना आणून त्यात आडवं ठेवत होते. गणवेशासकट. वर माती.

अप्पा पुढं सरकले. पडद्यावर बोट ठेवलं, माझ्याकडं वळून सलाम ठोकला आणि तळहात हळूच आडवा केला.

"बंद कर ते," अव्वा दारातून म्हणाली.

मी बंद केलं नाही. अप्पांकडं बघून होकाराची मान हलवली. त्यांचा मुलगा माझ्या हातानं मेला असं वाटलं.

त्यांनी तीन बोटं कपाळावरून ओढली. लावली होती का? मला खोटं बोलवेना. नाही, म्हणून मान हलवली.

अप्पांनी देवघरातली विभूती घेतली आणि मळ्याकडं निघाले. आम्ही दोघी मागं. तिथं पोचल्यावर ते अडले. ते अर्ध्यातून निघून गेले होते, डोकं कुठल्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते या टोकाला वाकले, मग त्या टोकाला.

शेवटी अव्वा खाली बसली. तिनं त्यांचं मनगट धरून हात नेमक्या जागी नेला, आणि त्या हातावर आपला हात ठेवून मातीवर तीन बोटं ओढली.