तोंड दिसलं पाहिजे

टेमघरच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती फुकट तपासतात, हे ऐकल्यापासून इक्बालभाईंच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. फुकट, म्हणजे फायदा कुणाचा?

नाव मुलाचंच निघत होतं. मुबश्शिरला कापड विणायच्या लूमचा कारखाना विकायचा होता. दापोड्याचा एक गोदामवाला जागेवर डोळा ठेवून होता, आणि सही लागत होती इक्बालभाईंची. बापाला विसराळू ठरवलं की कारभार आपोआप पोराच्या हातात.

तयारीही चोख होती. मुबश्शिर घरभर सांगत सुटला होता, "अब्बांना काल सांगितलेलं आज आठवत नाय." इक्बालभाई म्हणत, "मला सांगितलंच नाय." पोरगा मोबाइलमध्ये तोंड खुपसून पुटपुटणार आणि वर सांगितलं म्हणणार!

शेवटी तो त्यांना दवाखान्यात घेऊनच आला. तपासणीला रुचिका नावाची मुलगी होती. सर्दी झाल्यामुळे तोंडाला मास्क. मास्क वरखाली हलला, आतून घुंघुं झालं. इक्बालभाईंनी मागे वळून पाहिलं. बायको आबिदा तसबीचे मणी ओढत होती. गिऱ्हाइकाला डागी कापड खपवताना करायचा, तसाच दुःखी चेहरा करून मुबश्शिर उभा होता.

मास्क पुन्हा हलला.

"कारखाना विकायचा नाय," इक्बालभाईंनी ठणकावलं.

रुचिकाने कागदावर काहीतरी लिहिलं. मुबश्शिरने उसासा टाकला.

"काय लिहिलंस? आधी ते फडकं काढ, बाय. तोंड दिसल्याशिवाय तू काय बोलतेस ते मला कसं कळणार?"

रुचिकाने खुर्ची मागे सरकवून मास्क उतरवला. "चाचा, मी शब्द सांगते, ते परत म्हणा. कंदील, पेरू, होडी, चादर, घोडा."

इक्बालभाईंनी घडाघडा म्हटले. मधे दुसरे चार प्रश्न झाल्यावर तिने पुन्हा विचारले, तेव्हाही म्हटले. वर ऐकवलं, "घोडा बोलून झाला तरी तुझे ओठ मिटत नायत. सर्दी हाय ना?"

"तुम्ही ओठ वाचता?"

"उमर लूमवर गेली. तिथल्या खडखडाटात कान घेऊन काय करतेस?"

रुचिकाने त्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि मागून चार प्रश्न विचारले. इक्बालभाई शांतपणे भिंत बघत राहिले.

मग ती समोर येऊन बसली. "चाचा, आठवण तुमची शाबूत हाय. कान गेलेत. ते असेच ठेवले तर माणूस बोलण्यातून बाजूला पडतो, डोक्याला काम उरत नाय, आणि पुढे विसरण्याचा धोका वाढतो. म्हणून आत्ताच कानाचं मशीन लावायचं."

"आलीस ना मुद्द्यावर! मशीन विकायला बसलात."

"आठवडाभर वापरा. नाय जमलं तर परत द्या."

तिने कानात मशीन बसवलं आणि डबी आणायला कपाटाकडे गेली. आधी इक्बालभाईंना पंखा ऐकू आला. मग पाठीमागून, रोज ते जवळ असताना बोलायचा तशाच बिनधास्त आवाजात, मुबश्शिर म्हणाला, "अम्मी, आता दापोडेवाल्याला काय सांगू? मी तर शब्द देऊन बसलोय."

"सांग, मालक अजून जागा हाय," आबिदा म्हणाली. तसबीचा मणी टक्कन सरकला. तोही ऐकू आला.

इक्बालभाईंनी चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. रुचिका डबी घेऊन आली, तसे ते तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मशीन ठेवतो. पण त्या दोघांना सांग, अजून नीट चालत नाय."