दारातलं पालथं भांडं

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि आधीच कबूल करते, मी जळकी आहे. सगळा जन्म आगीवर गेल्यावर दुसरं काय होणार?

नागपूरकडच्या एका लोहाराने मला ठोकून घडवलं. सुहासिनीच्या आईने वीस वर्षं वापरलं आणि लेक कॅनडाला निघाली तेव्हा जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या बॅगेत कोंबलं. विंडसरला पहिली काही वर्षं माझा थाट होता. "या कढईतल्या भरल्या वांग्यांची सर त्या नॉनस्टिकला नाही," असं तिचा नवरा, दिलीपराव, पाहुण्यांना सांगायचे. मग काचेची सपाट शेगडी आली. तिच्यावर माझं गोल बूड टेकेना. मी बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सच्या शेजारी जाऊन पडले.

दोन हजार दहाच्या जानेवारीत सुहासिनीची आई गेली. बर्फामुळे विमानं रद्द झाली, हिला जाता आलं नाही. फोन ठेवून ती खाली आली, मला उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं आणि पोळ्या लाटायला लागली. रडली नाही. मला वाटलं, आता माझ्याशी तरी बोलेल. नाही बोलली.

फेब्रुवारीत तिच्या लेकीला, चैत्रालीला, शाळेत एका जुन्या वस्तूची गोष्ट सांगायची होती.

"आजीची कढई ने ना," सुहासिनी म्हणाली.

"मॉम, इट्स जस्ट अ पॅन."

आणि तिने शेजारच्या मिस लोरेटांकडचं तीन पायांचं ओतीव भांडं आणलं. काठाचा टवका उडालेला. शिवाय त्याला पुसायला मऊ फडकं! माझा नुसता जळफळाट झाला. चैत्रालीने ते दारात पालथं घातलं, तशी सुहासिनी धावली.

"अगं, दारात पालथं भांडं? काय हे अभद्र!" तिने ते सुलटं केलं.

"मॉम, नो! तसंच ठेवायचं असतं!"

भांड्यासोबत आलेल्या मिस लोरेटा खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. हे भांडं त्यांच्या खापरपणजीचं, हेस्टरचं. ती केंटकीत गुलाम होती. दिवसभर तंबाखूच्या शेतात राबायची, वर मालकिणीच्या बाळाला अंगावर पाजायची. तिचे स्वतःचे दोन मुलगे मालकाने विकले होते. त्यांच्यासाठी रडली तरी चाबूक होता. म्हणून काम सरलं की बायका एका झोपडीत जमायच्या आणि दारात हे भांडं पालथं घालायच्या. आपला आवाज भांडं गिळतं, मालकापर्यंत जात नाही, अशी त्यांची समजूत. मग त्या रडायच्या, गायच्या, विकलेल्या मुलांची नावं घ्यायच्या. हेस्टर पळून नदीपार इथे कॅनडात आली, इथे गुलामी नव्हती; पण भांडं आणि लहानगी मुलगी मागेच राहिली. तिकडची गुलामी संपल्यावर तीच मुलगी ते भांडं उचलून आईला शोधत इथवर आली.

"आई भेटली तिला?" सुहासिनीने विचारलं.

"भेटली," मिस लोरेटा म्हणाल्या. "पण ओळखायला वेळ लागला."

सुहासिनी उठली. तिने ते भांडं आपल्या हाताने पुन्हा पालथं घातलं.

मित्रांनो, खरं सांगू? माझा हेवा तेव्हा दुप्पट झाला. त्याच्या मानाचा नव्हे हो. माझ्यात लोकांनी तेल ओतलं, कांदा ओतला. त्याच्यात बायकांनी आपली पोरं ओतली होती. मला कुणी असं काही सांगितलंच नव्हतं.

भांडं शाळेत मिरवून आपल्या घरी गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, सुहासिनीने मला उचललं, पुसलं आणि दारात पालथं घातलं. मग जमिनीवर बसून म्हणाली, "आई..."

हेस्टरच्या दुःखाशी याची बरोबरी नाही, एवढं मला कळतं. पण पुढचा तासभर तिने जे सांगितलं, ते अजून माझ्या पोटात आहे. त्या भांड्याच्या पोटात किती असेल? तेव्हापासून मी त्याचा हेवा करत नाही.

तुमच्या घरात जुनं भांडं असेल, तर त्याला तेलाचा हात लावत जा. गंज चढू देऊ नका. आणि कधी ते दारात पालथं दिसलं, तर सुलटं करू नका. हळूच मागे फिरा.

तिने काय सांगितलं, ते मात्र मला विचारू नका.