सातपट तापलेली भट्टी

कला अमर असते, असं भरमाप्पा पेंटर गेली चाळीस वर्षं सांगत आला आहे. पहिल्यांदा त्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो शिडीवर उभा राहून 'येथे कोंबडीखाद्य मिळेल' यातला 'को' रंगवत होता.

पुढे फ्लेक्स आला आणि अमर कला सहा महिन्यांत आटोपली. भरमाप्पा घरी बसला. अशात कोडोलीच्या चर्चमधून ओल लागलेलं एक जुनं चित्र डागडुजीला आलं: खांद्यावर मेंढरू घेतलेला येशू. भरमाप्पा लिंगायत. कपाळाला भस्म लावून तो तीन दिवस त्या चित्रासमोर बसला आणि म्हणाला, "मेंढरू चुकलंय. असं धरलं तर लाथ मारतंय." त्यानं मेंढरू दुरुस्त केलं. चर्चचे पाळकसाहेब खूश झाले. तेव्हापासून भरमाप्पा बायबलमधलीच चित्रं काढतो आणि त्याची लेक रक्षिता त्यांच्या प्रिंट विकते. नाताळात चर्चबाहेर टेबल मांडून, एरवी मोबाइलवरून. महापुरात तरलेलं नोहाचं तारू सर्वांत जास्त खपतं. पंचगंगेकाठच्या गिऱ्हाइकाला त्यात समजावून सांगण्यासारखं काही नसतं.

पण ही सगळी चित्रं जुन्या कॅलेंडरांवरून उतरवलेली. यंदा पाळकसाहेब म्हणाले, "स्वतःच्या डोक्यातनं काढा." सहा बाय चार फूट, चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी. प्रसंग असा, की राजानं सोन्याचा पुतळा उभारला आणि सगळ्यांना पाया पडायचं फर्मान काढलं. तिघं तरुण काही पडले नाहीत. राजानं भट्टी नेहमीच्या सातपट तापवायला लावली आणि तिघांना बांधून आत टाकलं. मग आत डोकावून बघतो तर चौघं, मोकळे, फिरताहेत. केसालाही झळ नाही. आणि चौथ्याचं रूप देवाच्या पुत्रासारखं.

भरमाप्पानं महिनाभर खपून चित्र काढलं. जन्मभर त्यानं पाट्यांवर दुसऱ्यांची नावं रंगवली होती. या चित्राखाली प्रथमच तो स्वतःचं नाव घालणार होता. पाळकसाहेब रविवारी चित्र न्यायला येणार होते.

त्याआधीच्या सोमवारी सयाजी आला. हा भरमाप्पाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं लोखंड वितळवायची भट्टी सांभाळतो. त्यानं चित्र पाहिलं. मग मान तिरकी करून पाहिलं.

"आप्पा, ह्यो जाळ कशाचा हाय?"

"भट्टीचा. सातपट तापवलेली हाय."

"न्हाय तापल्याली. असा तांबडा-पिवळा जाळ म्हंजे भाकरीची चूल. ह्यात चौघं काय, मीबी फिरून यीन की."

"चित्र हाय ते," रक्षिता म्हणाली. "त्यात रंग नको व्हय?"

"रंगाचं न्हाय म्हणत, ताई. पर जाळच थंड असंल तर चमत्कार कसला?"

सयाजी मनात हिशेब करत होता. "आमची भट्टी दीड हजार डिग्रीची. सातपट म्हंजे दहा हजारांच्या वर गेलं. भट्टीच वितळणार. राजाला कुणीतरी सांगायला पायजे हुतं."

त्या दिवशी भरमाप्पा जेवला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "त्याचं खरं हाय. मी आयुष्यभर सिनेमाच्या पोस्टरातला जाळ काढलाय. खरा बघिटलाच न्हाय. आता ह्याच्याखाली नाव कसं घालू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सयाजीनं आम्हा दोघांना फाउंड्रीत नेलं. गेटवर आम्हाला पांढरी हेल्मेटं मिळाली. पाहुण्यांना पांढरी, कामगारांना पिवळी. भरमाप्पाचं हेल्मेट भस्मावर टेकत होतं, म्हणून तो ते सारखं मागे सारत होता.

आत काळोखी, धूळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. मग सयाजीनं हात वर केला आणि भट्टी कलू लागली.

मी आयुष्यभर बऱ्याच गोष्टींची टिंगल केली. पण लोखंडाचा रस भट्टीच्या तोंडातून बाहेर येतो तेव्हा टिंगल करायला तोंडात थुंकी उरत नाही. तो वाहतो, पण पाण्यासारखा नाही. सावकाश, कुणाची परवानगी न घेता. त्याच्या कडेला केशरी असतं, आत पिवळं, आणि मधोमध रंगच नसतो. तिथं डोळा नुसता हार मानतो. ठिणग्या उडत होत्या आणि त्या उजेडात रोजचे घामट कामगार देवळातल्या मूर्तींसारखे दिसत होते.

भरमाप्पानं हात जोडले होते. नंतर माझ्या लक्षात आलं, मीही जोडले होते.

"मधी काय बी न्हाय," परत येताना तो एवढंच म्हणाला. "मधी काय बी रंगवायचंच न्हाय."

त्यानं जुनं चित्र बाजूला ठेवलं आणि नवा कॅनव्हास ताणला. चार दिवस आम्ही त्याला हाक मारली नाही.

शनिवारी दुपारी पाळी संपवून सयाजी आला. आम्ही चित्रावरचं कापड काढलं.

कडेला काळी भिंत, मग केशरी, मग पिवळं. मधोमध कोरा कॅनव्हास, ब्रशसुद्धा न लागलेला. त्यात तिघं जण, पायांतल्या तुटलेल्या दोऱ्यांसकट. चौथा असा काढलाच नव्हता. तिघांच्या चेहऱ्यांवर एका बाजूनं उजेड पडला होता आणि तिघं त्या बाजूला बघत होते. तेवढ्यावरून तो उभा राहिला होता. मी त्याची उंचीसुद्धा सांगू शकलो असतो.

सयाजी एक पाऊल मागे सरला. मग त्यानं हात उचलून डोळ्यांवर धरला, भट्टीसमोर धरतो तसा. बावीस वर्षांची सवय ती, तिला चित्र आणि खरं यातला फरक कोण सांगणार. तो हात बराच वेळ तसाच राहिला.

भरमाप्पानं बारका ब्रश घेतला आणि खाली कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. एकेक अक्षर सावकाश. 'येथे कोंबडीखाद्य मिळेल' लिहिताना कधी एवढा वेळ लावला नव्हता.

"आप्पा," सयाजी शेवटी हळूच म्हणाला, "ह्याची एक प्रिंट द्या. भट्टीवर लावतो. बाकीच्या पोरांनी बी बघू दे."

"ने की. तुझाच जाळ हाय."

सयाजी दारापर्यंत गेला आणि अवघडून परत आला.

"पर आमच्या प्रिंटीत चौघांना हेल्मेट घाला. त्याबिगार सेफ्टीवालं सायेब लावू द्यायचं न्हाईत." थोडा विचार करून तो म्हणाला, "तिघांना पिवळं चालतंय. चौथ्याला तेवढं पांढरं घाला. पावणं हाईत."